कंबरेचं औषध

कांताक्कानं मला फसवलं आणि मी माझ्या लेकीला फसवलं. दोन्ही फसवणुका एकाच बाटलीतून झाल्या, आणि दोन्ही वेळा मला वाटत होतं की सौदा मीच जिंकलाय.

माझं नाव सुमन. गेवराई तालुक्यात, उमापूरच्या जवळ राहते. शेळ्यांचा व्यापार करते. एका लंगड्या शेळीपासून सुरुवात केली होती, आज बाजारात माझ्या शेळ्यांसाठी लोक थांबतात. आमच्या बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. उपरण्याखाली हातात हात घालायचा आणि बोटं दाबायची. मी उपरण्याऐवजी पदर पसरला, तेव्हा पहिले काही आठवडे गडी माणसं हात पुढं करायला लाजली. मग शेळी हवी होती म्हणून लाज सोडली. मी रागीट आहे, हे सगळ्या बाजाराला माहीत आहे. घासाघिशीत मला कुणी हरवलेलं नाही, असं मी अडीच वर्षांपूर्वीपर्यंत सांगत होते.

माझी मुलगी गोदावरी. आम्ही तिला गोदी म्हणतो. ती चार वर्षांची आहे. जिच्या घरी असं लेकरू आहे आणि त्याला काय झालंय हे जिला कुणी नीट सांगत नाही, अशा बाईसाठी मी हे लिहितेय. आणि आणखी एका बाईसाठी. तिचं शेवटी बघू.

खाडा

लग्नानंतर चार हंगाम मी नवऱ्याबरोबर, भानुदासबरोबर, ऊसतोडीला गेले. तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दोघांतलं एक जण बसलं की खाडा पडतो, म्हणजे मजुरी बुडून वर दंड लागतो. बाळंतीण असो, ताप असो, खाडा तो खाडाच.

चौथ्या हंगामाला मी पाच महिन्यांची होते. पहाटेच्या थंडीत फडात वाकायचं, मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. कंबर अशी धरायची की सरळ उभी राहायला कोपीचा बांबू पकडावा लागायचा. कोपी म्हणजे आमची पाचटाची झोपडी.

आमचा मुकादम तलवाड्याचा. त्याची बायको कांता टोळीबरोबर यायची. सगळे तिला अक्का म्हणायचे. टोळीतल्या बायकांचं दुखलं-खुपलं तीच बघायची. एका संध्याकाळी ती माझ्या कोपीपुढं येऊन उभी राहिली.

"कावून बसलीस गं सुमे?"

"कंबर लई धरलीय, अक्का. उद्या मोळी उचलती का न्हाई, काय म्हायती."

"औषध देते. झाडपाल्याचं हाय, माझ्या आईच्या हातचं. झोपताना अर्धा गिलास घे. सकाळी हरणावानी उठशील."

"केवढ्याला?"

अक्का कंबरेवर हात ठेवून हसली. "मरायला टेकलीस तरी भाव करशील, बया!"

आणि मी केला. अर्धा तास केला. शेवटी पाच बाटल्यांमागे एक फुकट, असं ठरलं. टोळीत कुणालाच ते मिळालं नव्हतं. मी किती खूश झाले म्हणून सांगू! ती फुकटची बाटली वाया जाऊ नये म्हणून मी कंबर दुखत नव्हती तेव्हाही घेतली.

आता खरं सांगते, कारण खोटं लिहायचं असतं तर वही घेऊन बसलेच नसते. त्या औषधात ओवा होता, सुंठ होती, गूळ होता. पण त्यांच्या खाली जो वास होता, तो माझ्या ओळखीचा होता. माझा बाप रोज त्या वासासकट घरी यायचा. शेळी घेताना मी तिचे दात बघते, कास दाबून बघते, चार पावलं चालवून बघते. बाटलीचं बूच काढून दुसऱ्यांदा वास घ्यायला मला कुणी अडवलं नव्हतं. मला औषध हवं होतं, म्हणून मी त्याला औषध म्हणाले.

त्या हंगामात माझा एकही खाडा पडला नाही. अक्का बाकीच्या बायकांना सांगायची, "सुमीकडं बघा जरा."

चोखता न येणारं लेकरू

गोदी दिवस भरायच्या थोडं आधीच झाली. दोन तळहातांत मावेल एवढी. नर्सबाई म्हणाल्या, वजन कमी आहे, अंगावर पाजा, वाढेल.

पण तिला चोखताच येत नव्हतं. दोन घोट ओढायची, दमायची, ओठांतून दूध गळायचं आणि मग रडायची. साधं रडणं नव्हतं ते. बारीक, उंच, तारेवर तार घासल्यासारखं. हात सारखे थरथरायचे. ताट पडलं की सगळं अंग झटका बसल्यासारखं उडायचं. सासूबाईंनी विणलेलं लोकरीचं झबलं अंगाला लागलं तरी ओरडायची. मला वाटायचं, हिला मीच आवडत नाही.

माहेरी लहानपणी मी अशक्त करडं जगवली होती. करडू चोखेना, की कापसाची वात दुधात बुडवून ओठाला लावायची. एक थेंब, मग वाट बघायची. तेच मी गोदीला केलं. दूध वाटीत काढायचं, चमच्यानं एकेक थेंब द्यायचा. तिला थोडी उभी धरायची, म्हणजे ठसका लागत नाही. एक वाटी संपायला तास लागायचा. मी, जी कुणाचं दोन मिनिटं ऐकून घेत नाही, ती एकेका थेंबासाठी थांबायला शिकले. तिचा घोट गळ्याखाली उतरलेला दिसला की मला एक शेळी विकल्यासारखं वाटायचं.

गावाकडच्या डॉक्टरनं शक्तीचं औषध दिलं. दुसऱ्यानं दुसरं दिलं. सासूबाईंनी, त्यांना मी आत्या म्हणते, दृष्ट काढली. मीठ-मिरच्यांचा धूर झाला तशी गोदी एवढी किंचाळली की आत्यांनी स्वतःच ते विस्तवावरचं बाहेर नेऊन टाकलं.

दीड वर्षाची झाली तरी ती उभी राहत नव्हती. हाक मारली तर कधी बघायची, कधी नाही. तेव्हा आम्ही बीड गाठलं.

मोजपट्टीचा दिवस

बीडच्या मोठ्या दवाखान्यात मुलांच्या डॉक्टर मॅडम होत्या. वयानं माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी गोदीच्या डोक्याभोवती मोजपट्टी लावली. पुन्हा लावली. मग तिचा वरचा ओठ बघितला, नाकाखालची जागा बोटानं हलकेच चाचपली. गोदी रडली नाही, म्हणून मला ती बाई आवडली होती. मग त्यांनी विचारलं,

"पोटात असताना काही घेत होतात का? तंबाखू, दारू?"

"तोंड सांभाळून बोला, मॅडम," मी म्हणाले. "आमी गरीब असू, पण तसल्या न्हाई. माझ्या बापानं दारू पिऊन घर खाल्लं. म्या थेंबाला शिवले न्हाई."

बाहेरच्या बाकावरचे लोक दारातून डोकावले. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मी दोष द्यायला विचारत नाही. कळलं तर उपाय नीट करता येतो. आठवून बघा."

मी भानुदासकडं बघितलं. तो जमिनीकडं बघत होता.

गेवराईच्या एसटीत बसल्यावर तो म्हणाला, "सुमे, त्या बाटल्या."

"कोणत्या बाटल्या?"

"म्या ड्रायव्हर लोकांना अक्काच्या पांढऱ्या कॅनमधली दारू पिताना बघितलतं. त्याच कॅनमधली होती ती. मला म्हायती होतं."

"आन् कावून बोलला न्हाईस?"

"तू बसली असतीस तर कोयता मोडला असता. उचल कुठनं फेडली असती?"

उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेले पैसे. सगळ्या गाडीदेखत मी त्याला बोलले. काय बोलले ते लिहीत नाही. कंडक्टर म्हणाला, "ताई, लेकरू घाबरतंय." गोदीनं दोन्ही कान माझ्या छातीत दाबून घेतले होते. मी गप्प झाले. आयुष्यात पहिल्यांदा अर्ध्यावर गप्प झाले.

खात्री

मला खात्री करून घ्यायची होती. मी तलवाड्याला गेले. कांताक्काच्या ओसरीवर बसले, शेळ्यांचं बोलले, चहा घेतला. मग म्हणाले, कंबर पुन्हा धरलीय.

अक्काचे डोळे चमकले. "दिवस गेलेत का? मंग घेऊन जा की! तुला कसं मानवलं होतं मागं!"

तिनं बाटली आणली. आणि सांगायला लाज वाटते, पण माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "जास्त लावू नको." सवय. तिनं कमी लावलं.

पुढच्या वेळी मी ती बाटली मॅडमच्या टेबलावर ठेवली. त्यांनी बूच काढलं, वास घेतला, पुन्हा लावलं. मीच म्हणाले, "दारूच हाय ना?"

"हो."

"रोज अर्धा गिलास. तीन महिने. कधी जास्त."

"किती घेतली तर चालते, असं यात काही नसतं," त्या म्हणाल्या. "आई पिते ते बाळापर्यंत पोचतं. मेंदू घडत असताना पोचतं. ओठ, डोक्याचं माप, चोखायला न येणं, दचकणं, सगळं जुळतंय."

"बरी व्हायला काय लागंल? म्या शेळ्या विकते, सगळ्या विकते."

"पूर्ण बरं करणारं औषध नाही, सुमनताई. पण ती शिकेल. सावकाश शिकेल, आणि तुम्ही लवकर आलात."

मी आयुष्यभर समोरच्याचा शेवटचा शब्द कधी मानला नाही. अजून एक पायरी खाली येतोच माणूस. त्या दिवशी मी तीनदा वेगवेगळ्या शब्दांत तेच विचारलं. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं. मग त्यांनी टेबलावरून हात पुढं करून माझा हात धरला. कसलाच भाव न सांगता. नुसता धरला.

घरातलं

आत्यांना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "दारुडी सून केली म्या. लेकराची माती केलीस. जा तुझ्या बापाकडं, लेकरू ठेव हितंच."

दुसऱ्या कुणाला मी उत्तर दिलं असतं. पण त्यातलं अर्धं खरं होतं, आणि अर्ध्या खऱ्यापुढं माझी जीभ चालत नाही. मी पिशवी भरायला लागले. गोदीचे कपडे भरले, माझे भरले.

भानुदास दारात आडवा बसला. आईला म्हणाला, "मला म्हायती असून म्या गप बसलो. मग मला बी हाकल. आन् तिच्या हातनंच पोरगी जेवती. तुझ्या हातनं जेवती का बघ."

आत्यांनी वाटी घेतली. गोदीनं तोंड फिरवलं, पहिला चमचा सांडला, दुसरा सांडला. आत्यांनी पदरानं तिची हनुवटी पुसली. मग मला म्हणाल्या, "कसं धरतीस गं हिला? दाव की."

मी दाखवलं. पाठीला हात, मान जरा उभी, एक थेंब, मग थांबायचं. पिशवी त्या दिवशी आत्यांनीच रिकामी केली. "दारुडी" हा शब्द त्यांनी पुन्हा काढला नाही. मनातून गेला का, ते मी विचारत नाही.

भानुदास पुन्हा तोडीला गेला नाही. उचल आम्ही शेळ्या विकून फेडली आणि पुन्हा एका शेळीपासून सुरुवात केली. गोदीला अंघोळ तोच घालतो. अंगावर पाणी पडलं की ती ओरडायची, म्हणून तो आधी स्वतःच्या हातावर ओततो, तिला दाखवतो, मग तिच्या पायावर, मग गुडघ्यावर. बादली निवून जाते. पण आता ती हसते.

पदराखालची बोटं

दर पंधरा दिवसांनी बीड. सकाळची एसटी, केसपेपरची रांग, मग लांबलचक बाक. त्या बाकावर माझ्यासारख्या कितीतरी आया भेटल्या. कुणाचं लेकरू बोलत नाही, कुणाचं बसत नाही. एक माजलगावकडची बाई दर वेळी जास्तीची भाकरी आणायची आणि विचारायची नाही, सरळ मांडीवर ठेवायची. गोदी चावली तर म्हणायची, "चाव बाई, माझ्यात काय मांस हाय!"

तिथं खेळातून शिकवणाऱ्या एक ताई आहेत. त्यांनी मला जे शिकवलं ते इथं लिहिते, कारण मला औषधापेक्षा त्याचाच उपयोग झाला. लेकरासमोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला बसा. आवाज चढवू नका. एका वेळी एकच गोष्ट सांगा. मग थांबा. काल शिकलेलं आज विसरलं तर तो हट्ट नाही, पुन्हा पहिल्यापासून सांगा.

आवाज चढवू नका, हे मला सांगणं म्हणजे एसटीला हॉर्न वाजवू नको सांगणं. सहा महिने गेले त्यात. पण गोदी जमिनीवर डोकं आपटून घ्यायला लागली, की माझा चढलेला आवाज तिला आणखी आपटायला लावतो, हे मी डोळ्यांनी बघितलं. त्यावर वाद कुणाशी घालणार?

एकदा बाजारात तिला न्यावंच लागलं. शेळ्यांचं ओरडणं, लाउडस्पीकर, धूळ. तिचं अंग ताठ व्हायला लागलं. मी तिला पदराखाली घेतलं आणि तिच्या हातात माझं बोट दिलं. समोर गिऱ्हाईक उभं होतं, दुसऱ्या हातानं त्याच्याशी सौदा चालू होता. तेवढ्यात गोदीनं माझं बोट दाबलं. एकदा. मी तिच्याकडं बघितलं. पुन्हा एकदा दाबलं. मी सौदा सोडला आणि तिला घेऊन चिंचेखाली गेले. ती लगेच सैल पडली.

तेव्हापासून आमचं ठरलंय. एकदा बोट दाबलं म्हणजे पुरे, इथून चल. दोनदा म्हणजे पाणी. ती मोजकेच शब्द बोलते, पण पदराखाली तिचं सगळं कळतं. तीन वर्षांची झाल्यावर ती चालली, चुलीपासून दारापर्यंत. दारात भानुदास दोन्ही हात पसरून रडत बसला होता. आत्या म्हणाल्या, "रडतोस काय बे, बाजूला हो, तिला बाहीर जायचंय."

गाडी

यंदाही दिवाळीनंतर टोळी निघाली. कामानिमित्त मी तलवाड्याला गेले होते, गोदी कडेवर होती. गाडीत भांडी, पाचट, शेळ्या, लेकरं चढत होती. कांताक्का खाली उभी राहून सामान मोजत होती. तिच्या पायाशी तोच पांढरा कॅन होता. आणि गाडीत कडेला एक पोरगी उभी होती, विशीचीही नसेल. तिचं पोट दिसत होतं.

मी त्या पोरीला आधी सांगितलं, "अक्कानं कंबरेचं औषध दिलं तर पिऊ नको. ती दारू हाय. पोटातल्या लेकराला बाधती. ही बघ माझी लेक."

कांताक्का फिरली. "सुमे, धंदा बिघडवतीस व्हय माझा? म्या काय तुझ्या घशात वतली का? भाव करून करून नेलीस तू! जास्तीची मागून नेलीस!"

सगळी माणसं थांबली. ती खोटं बोलत नव्हती. आता माझा आवाज चढणार, हे मला कळत होतं. मी तोंड उघडलं आणि पदराखाली गोदीनं माझं बोट दाबलं. एकदा.

मी आवाज खाली आणला. "नेली," मी म्हणाले. "ते म्या कबूल करते. इथं सगळ्यांपुढं करते."

ती पोरगी गाडीतून खाली उतरली नाही. तिला उतरता येत नाही, हे मला तिच्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण तिनं गोदीच्या तोंडाकडं नीट बघितलं. मग कॅनकडं बघितलं. गाडी गेली. कॅनही गेला.

म्हणून आता हे लिहितेय, अक्का. माझ्या वाट्याचं उत्तर मी देते. रोज देते, वाटी-चमच्यानं, थेंबाथेंबानं, आणि मरेपर्यंत देईन. भानुदास त्याचं देतो. तुझं राहिलंय. ज्या मुकादमाला पोटुशी बाई दिसत नाही पण तिचा खाडा दिसतो, त्या तुझ्या नवऱ्याचंही राहिलंय. मला सांगू नका. माझ्याशी बोलाल तर मी भांडेन आणि तुम्ही त्या भांडणाआड लपाल.

हंगाम संपला की आमच्या घरी या. दोघंही या. गोदीसमोर खाली बसा, तिच्या डोळ्यांच्या उंचीला. आवाज चढवू नका. एका वेळी एकच गोष्ट सांगा आणि थांबा. बाटलीत काय होतं, तिथपासून सुरुवात करा. तिला कळलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून सांगा. आणि तिनं माझं बोट दाबेपर्यंत उठू नका.